ट्रेंटची परिषद, दुबईचं पार्किंग आणि बाबांची मिस्सा

आमचे बाबा चर्चना चुना लावायचे. वसईतल्या गावोगावच्या चर्चचा सण जवळ आला की महिनाभर ते बांबूच्या परांचीवर चढलेले असत, केसांपासून पायापर्यंत पांढरे. आई राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करून विकायची. एकाचं काम भिंतीवर, दुसरीचं अंगणात, आणि दोन्ही उन्हाच्या भरवशावर. पावसाळ्याचे चार महिने चुनाही बंद आणि सुकेळीही बंद. मग पेज आणि सुक्या बोंबलाचा तुकडा, तोही मी आणि माझा धाकटा भाऊ मेल्विन यांच्यात तोडून. आई म्हणायची, मला बोंबील आवडत नाही. उन्हाळ्यात मात्र तिला तो आवडायचा.

मी कॉलेजात गेले तेव्हा आमच्या सगळ्या वाडीत कुणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. उपवासकाळात चर्चमधल्या मूर्ती झाकायचं जांभळं कापड जुनं झालं होतं. ते फादरनी आईला दिलं, त्याचा आईनं मला पंजाबी ड्रेस शिवला. त्या ड्रेसवर मी बी.ए.चं पहिलं वर्ष काढलं. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. एम.ए. झाले, आज ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

बी.ए.ला युरोपच्या इतिहासात एक धडा होता, प्रतिधर्मसुधारणेचा. सरांनी तो एका तासात उरकला. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीत एका साधूनं विचारलं, पैसे घेऊन पापाची माफी कसली विकता? त्यावरून अर्धा युरोप फुटून प्रॉटेस्टंट झाला. मग कॅथलिक चर्च जागं झालं. ट्रेंट नावाच्या डोंगरातल्या गावात बिशप मंडळी वर्षानुवर्षं बसत-उठत राहिली आणि त्यांनी स्वतःचं घर आवरायला घेतलं. धर्मगुरूंना नीट शिक्षण, लोकांना प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण, पापनिवेदनाला शिस्त, चर्चमध्ये सोनेरी वेद्या, संगीत, मिरवणुका. सर खडू झटकून निघून गेले, मी बाकावर बसून राहिले. हे तर आमचं घर होतं! बाबा दरवर्षी तेल लावत ती कोरीव लाकडी वेदी, आई झोपताना जपायची ती माळ, लहानपणी आम्ही सुरात घोकलेली प्रश्नोत्तरं. पोर्तुगीज जहाजांतून वसईला जे ख्रिस्तीपण उतरलं, ते याच धामधुमीत घडत होतं. आम्ही त्या भांडणाचंच एक पोर आहोत, हे मला त्या दिवशी कळलं.

ते भांडण आमच्या स्वतःच्या घरात मात्र फार उशिरा आलं. मेल्विन हॉटेलची नोकरी धरून दुबईला गेला, तिथे एलिझाशी लग्न केलं. ती केरळची, पेंटेकोस्टल, म्हणजे प्रॉटेस्टंटांतलीच. हळूहळू मेल्विनही तिच्या प्रार्थनासभेला जाऊ लागला. आईनं तेही गिळलं. पण तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात बाबा गेले. महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर, आम्ही सगळे कबरीपाशी गुडघे टेकून त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणत होतो आणि मेल्विन हात मागे बांधून उभा राहिला. आमच्यात मानतात की गेलेला माणूस शुद्धिस्थानात असतो, त्याला आपल्या प्रार्थनेचा आधार लागतो. त्याच्या सभेत मानतात, माणूस गेला की देवाजवळ गेला, आता आपण मागण्यासारखं काही उरत नाही. त्यानं ते आईला समजावायचा प्रयत्नही केला, पण आईनं एवढंच ऐकलं की पोरगा बापासाठी देवाजवळ दोन शब्द मागायला तयार नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तो फोन करायचा, आई फोन माझ्या हातात द्यायची.

आणि गेल्या वर्षी दुबईहून पास्कोल अंकलचा फोन आला. हे आमच्याच वाडीचे. तीस वर्षं तिकडे एका कंपनीत हिशेब सांभाळतात आणि तिथल्या मराठी कॅथलिक मंडळाचे सर्वेसर्वा आहेत.

"बाय, आपली माणसं जातायत. चार घरं त्या सभेला गेली. कॉयरचा तबलेवाला पण गेला! त्यांनी गिटार आणली म्हणून आम्ही दोन गिटारी आणल्या, तरी गेला. तू ये. तुझं ते ट्रेंट-बिंट सांग. जरा ठोकून सांग."

मी हो म्हटलं. आई शेजारीच होती. तिनं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाली, "मी पण येते. बाबांना त्याच शनिवारी दोन वर्षं होतात. मिस्सा तिकडेच सांगू." मग जरा थांबून, "तो माझ्या शेजारी बसला पाहिजे."

माझं भाषण मी निभावलं असतं. खरं अवघड काम होतं ते हे.

इटली आणि इंग्लंड

विमानतळावर मेल्विन आला होता. आईच्या हातातली पिशवी त्यानं घेतली, तिनं घेऊ दिली, पण बघितलं विमानतळाच्या छताकडे. गाडीत ती मागे बसली.

"त्याला सांग, एसी कमी कर," ती मला म्हणाली.

"आई म्हणते एसी कमी कर."

"ऐकलं, ताई. तिला विचार, पाणी हवंय का."

"पाणी हवंय का, आई?"

"त्याला सांग, नको."

सगळा रस्ता मी असा दुभाष्याचं काम करत गेले, आणि दोघंही मराठीच बोलत होते.

पास्कोल अंकल आणि मेल्विन, दोघंही इंटरनॅशनल सिटीत राहतात. दुबईतल्या त्यातल्या त्यात स्वस्त घरांची ही वस्ती. इमारतींच्या गटांना देशांची नावं दिलेली आहेत. पास्कोल अंकल इटलीत. मेल्विन इंग्लंडमध्ये. मी पाटी वाचून एवढी हसले की मेल्विनला वाटलं मला ऊन लागलं. म्हटलं, अरे, पोप इटलीत आणि पोपला सोडून गेलेला राजा इंग्लंडमध्ये, मध्ये एक रस्ता आणि एक किराणा दुकान! इतिहासाच्या बाईला आणखी काय पाहिजे? आईला विनोद सांगितला. ती म्हणाली, "मी इटलीतच उतरणार." आणि उतरली.

रोझी आंटी, म्हणजे पास्कोल अंकलची बायको, आमची वाटच बघत होती. तिनं वसईच्या पद्धतीचे आंबवलेल्या पिठाचे फुगे तळले होते, गरमागरम, बोटांनी फाडले की आतून वाफ येईल असे. सोबत इंदेल, डुकराचं आंबट-तिखट कालवण. डुकराचं मांस इथे कुठून मिळतं, म्हणून विचारलं तर दुसऱ्या दिवशी ती मला सुपरमार्केटमध्येच घेऊन गेली. आतल्या बाजूला वेगळी खोली, दारावर पाटी, मुसलमानांसाठी नाही. आत गोव्याच्या, मंगळूरच्या, फिलिपाइन्सच्या बायका ट्रॉल्या घेऊन, एकमेकींना ओळखीचं हसत. "इथे आपल्या चर्चचा अर्धा पॅरिश भेटतो बघ," रोझी आंटी म्हणाली. "कुणाला मिस्सेला दिसला नाहीस म्हणून विचारायचं असेल तर मी इथेच विचारते."

मरीना

गुरुवारी मेल्विनला सुट्टी होती. त्यानं मला दुबई मरीनाला नेलं, तिथल्याच एका हॉटेलात तो फ्रंट ऑफिसला आहे. आई आली नाही. रिया, त्याची नऊ वर्षांची मुलगी, बरोबर होती.

"रिया, आजी तुझ्यासाठी सुकेळी घेऊन आली आहे, खाल्लीस का?" मी विचारलं.

"आय लाइक इट, आत्या. बट इट स्टिक्स टू माय टीथ."

पाण्याच्या कडेनं चाललो. एका बाजूला बोटी, दुसऱ्या बाजूला मान मोडेपर्यंत वर बघावं लागेल असे टॉवर. आमच्याकडे उंच म्हणजे चर्चचा मनोरा. इथल्या काचा पुसायला माणसं दोरीला लटकलेली दिसली आणि मला परांचीवरचे बाबा आठवले. मेल्विनही तिकडेच बघत होता. कागदी कपातून कडक चहा घेतला, दोन-दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये एकाला. वेलची छान होती, पण पन्नास रुपये.

"ताई, तुलाही वाटतं मी बाबांना विसरलो?"

"मला नाही. आईला वाटतं."

"मग तिला सांग ना."

"तू सांग."

"ती ऐकते कुठे? मी बोललो की छताकडे बघते."

मी शेवटी विचारलंच. तू गेलास कशाला तिकडे? फक्त एलिझासाठी?

तो म्हणाला, "तुझं ते ट्रेंट माझ्या डोक्यावरून जातं. मी साधं सांगतो. मी इथे नवीन आलो तेव्हा चर्चमध्ये एवढी गर्दी, की वर्षभर मला कुणी नाव विचारलं नाही. मिस्सा संपली की यल्ला, चला बाहेर, पुढच्या भाषेची मिस्सा सुरू. मग मला टायफॉइड झाला. हॉस्पिटलमधून रूमवर आलो, पडून होतो. एलिझाच्या सभेतली माणसं रोज पेज घेऊन यायची. लग्नाच्या आधीची गोष्ट आहे ही. त्यांनी मला येशूबद्दल काही सांगितलं नाही, ताई. पेज दिली."

मी रिकामे कप कचऱ्यात टाकून आले, मग विचारलं.

"शनिवारी बाबांच्या मिस्सेला येशील?"

"तुम्हाला चर्चला आणून सोडतो, परत न्यायलाही येतो. आत नाही येणार. आमची सभा त्याच वेळेला असते, मला गाणी सांभाळायची असतात. आणि खोटं खोटं गुडघे टेकून आईला फसवू का? सांग तूच."

रिया मध्येच म्हणाली, "डॅडी, इज आजी अँग्री विथ यू?"

"नो बेटा, शी इज जस्ट टायर्ड."

"फॉर टू इयर्स?"

शुक्रवार, माझं भाषण

इथे चर्चला रस्त्यावरून ओळखायची सोय नाही. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती लोकांना जागा दिली आहे, त्या आवारात काय ते करा, रस्त्यावर मिरवणूक नको. त्यामुळे एकाच भागात कॅथलिक, अँग्लिकन, मार्थोमा, ऑर्थोडॉक्स, आणि हॉल भाड्यानं घेणाऱ्या पंधरा प्रकारच्या सभा, सगळे भिंतीला भिंत लावून. आणि सगळ्यांना मिळून पार्किंग एकच. युरोपात या लोकांनी एकमेकांची गावं जाळली. इथे ते एकमेकांना हात करून सांगतात, भाऊ, तिकडे एक जागा रिकामी होतेय, लवकर जा.

गर्दी मात्र मी जन्मात पाहिली नव्हती. आमच्याकडे रविवारी मागचे बाक रिकामे असतात, इथे अंगणात पडदा लावून लोक उभे. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात कामाचे बूट, थेट ड्युटीवरून आलेले. एका दिवसात कितीतरी भाषांतल्या मिस्सा. घंटेची मला आठवण आली, पण माणसं घंटेशिवाय वेळेवर येत होती हेही खरं.

हॉलमध्ये साठेक लोक जमले. समोसे, चहा. पास्कोल अंकलनी माझी ओळख करून देताना "एम.ए., फर्स्ट क्लास" दोनदा म्हटलं. मी अडवलं नाही.

पहिला अर्धा तास छान गेला. ट्रेंटनं काय काय दिलं ते सांगितलं, वसईची वेदी, माळ, प्रश्नोत्तरं. बायका माना डोलावत होत्या. मग मी दुसऱ्या अर्ध्याकडे वळले. म्हटलं, पण हे सगळं झालं कशामुळे? त्या जर्मन साधूनं नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं म्हणून. मेलेल्यांच्या नावावर पैसे उकळले जात होते, ते खरंच होतं. ट्रेंटला जमलेल्या बिशपांनी शुद्धिस्थान आहे असं ठासून सांगितलं, आणि त्याच ठरावात हेही लिहिलं की त्यावरून साध्या लोकांपुढे अवघड वाद घालू नका, आणि त्यातून पैसा काढणं बंद करा. माझे वडील चुना लावायचे. जुना पापुद्रा खरवडल्याशिवाय नवा चुना भिंत धरत नाही. ट्रेंटनं आधी खरवडलं. आपण नुसतं चुना मारायला निघालोय.

मागून एक गृहस्थ उठले. "मॅडम, सॉरी हां, पण तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं?"

"मी कॅथलिक आहे. रविवारची मिस्सा मी चुकवत नाही. पण मला एक सांगा. आपला एक मुलगा इथे टायफॉइडनं पडला होता, त्याला पेज द्यायला कोण गेलं? ते गेले. आपल्यातलं कोण गेलं होतं?"

रोझी आंटी पास्कोल अंकलकडे बघत होती. पास्कोल अंकल समोशाकडे.

गाडीत ते म्हणाले, "बाय, तू सेल्फ गोल मारलास." रागानं नाही, पण हसूनही नाही.

आईची तक्रार वेगळीच होती. "तू शिकलेली आहेस, तुला दोन्हीकडून बोलता येतं. पण तो बापासाठी गुडघे टेकत नाही, त्याचं काय? तुझ्या ट्रेंटात आहे का ते?"

नव्हतं.

शनिवार, बाबांची मिस्सा

मिस्सा पाचची होती. मेल्विननं आम्हाला फाटकाजवळ सोडलं आणि जागा शोधायला निघून गेला. आई त्याच्याकडे न बघता उतरली. रोझी आंटीला मेणबत्त्या घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, आई, थांब दोन मिनिटं.

"मला काय चर्च ओळखता येत नाही? मी पुढे होऊन जागा धरते."

आणि ती गर्दीत शिरली. पदर डोक्यावर, हातात माळ.

आम्ही आत गेलो तर आई नाही. पुढचे बाक, मागचे बाक, खांबामागे, अंगण. मिस्सा सुरू झाली. फादरनी त्या दिवशीच्या मृतांची नावं वाचली, त्यात बाबांचं नाव आलं, आणि ज्या बाईनं त्यासाठी समुद्र ओलांडला तिचा पत्ता नव्हता. मी बाहेर पळाले. फाटकावरच्या केरळी वॉचमनला विचारलं.

"सफेद साडीवाली अम्मा? उधर गयी, बाजूवाला हॉल में."

बाजूच्या हॉलचं दार ढकललं. पांढऱ्या भिंती, ओळीनं खुर्च्या, पुढे स्टेज, गिटार. मूर्ती नाही, वेदी नाही, मेणबत्ती नाही. शंभरेक माणसं उभी राहून हिंदीत गात होती, आणि तिसऱ्या ओळीत माझी आई गालिच्यावर गुडघे टेकून डोळे मिटून माळ जपत होती. शेजारच्या बाईनं तिच्या गुडघ्यांखाली स्वतःची शाल घडी करून घातली होती. मी पुढे सरकणार, तेवढ्यात गाणं थांबलं आणि स्टेजवरच्या गिटारवाल्यानं माइक हातात घेतला. तो मेल्विन होता.

त्यांच्या सभेत ज्याला आभार मानायचे असतात तो उठून बोलतो. मेल्विनची नजर खालीच होती.

"आज मेरे बाबा को जाके दो साल हुआ. वो चर्च को चूना लगाते थे. बहुत ऊपर चढ़ते थे, और नीचे से मैं बालटी देता था. एक दिन मैंने पूछा, बाबा, इतना ऊपर का कोना किसको दिखता है? छोड़ दो ना. वो कुछ बोले नहीं. कोना पूरा किया, फिर नीचे आये. मैं जो भी हूँ, उनकी वजह से हूँ. मैं रोज़ प्रभु को उनके लिए थैंक्यू बोलता हूँ. रोज़. बस."

लोक "आमेन" म्हणाले. त्यात एक आवाज जरा उशिरा आणि जरा मोठ्यानं आला. मेल्विननं वर पाहिलं. आईचे डोळे उघडे होते.

सभा पुढे चालू राहिली, पण मेल्विनला गाणं सुरू करता येईना, मग दुसऱ्या मुलानं गिटार घेतली. तो स्टेजवरून उतरून आईजवळ आला आणि तिघंही आम्ही बाहेर अंगणात आलो. एलिझा मागून पाण्याची बाटली घेऊन धावत आली.

आईनं मेल्विनकडे पाहिलं. छताकडे नाही, कारण तिथे छत नव्हतं. आणि दोन वर्षांनी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली.

"तुमच्या दुबईच्या चर्चमध्ये खुर्च्या बऱ्या आहेत. पण देव सगळे सरकारनं काढायला लावले का रे?"

आधी आम्हाला कळेचना. मग कळलं. शुक्रवारी ती भाषणाच्या हॉलपर्यंतच आली होती, चर्चच्या आत गेलीच नव्हती; बाहेर मात्र तिनं पाहिलं होतं की क्रूस नाही, घंटा नाही. आत गेली, तर मूर्तीही नाहीत. तिला वाटलं, मुसलमानांचा देश आहे, आतल्यांनाही बंदी असेल, बिचारे असेच प्रार्थना करत असतील. म्हणून ती त्या रिकाम्या भिंतीसमोर जास्तच भक्तीनं गुडघे टेकून बसली होती. एलिझा खुदकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. मेल्विन हसता हसता रडायला लागला.

"मम्मी, ये हमारा हॉल है," एलिझा म्हणाली. "आपका चर्च उधर है."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी मिस्सा चुकली? बाबांची?"

"सातची इंग्लिश मिस्सा आहे," मेल्विन म्हणाला. "पास्कोल अंकलना सांगतो, बाबांचं नाव त्यात पुन्हा द्या म्हणून."

"तू येणार?"

"येतो, आई. पण मी ते मागणार नाही. तुला माहीत आहे."

आई म्हणाली, "तू रोज आभार मानतोस ना त्यांचे? मग तू आभार मान. मी मागते. देवाला वरती काय निवडायचं ते निवडू दे."

तिच्या तोंडून हे ऐकून मी तरी खाली बघितलं. शुक्रवारी मी पाऊण तास बोलले होते, आणि एवढं मला सांगता आलं नव्हतं.

सातच्या मिस्सेला आई, मी, मेल्विन, एलिझा आणि सभेतून आलेली रिया, आम्ही पाचही जण एका बाकात बसलो. पास्कोल अंकलही परत येऊन बसले, एक मिस्सा झाली असताना. मृतांची प्रार्थना आली तेव्हा आई गुडघ्यावर गेली. मेल्विन उभा होता, हात पुढे बांधून. प्रार्थना संपली, पण आईला उठता येईना, तिचे गुडघे गेले आहेत. मेल्विननं वाकून तिला काखेत धरून उठवलं आणि मग पुढची सगळी मिस्सा तिचा दंड सोडला नाही.

बाहेर आलो तर पास्कोल अंकल म्हणाले, "मेल्विन, तुझा तो टायफॉइड... मला माहीत नव्हतं रे."

"कळवायला कोण होतं, अंकल?"

"तेच म्हणतो मी." मग माझ्याकडे वळून, "बाय, सेल्फ गोल नव्हता तो."

रविवारी आई इटली सोडून इंग्लंडमध्ये जेवायला गेली. एलिझानं मासळीचं कालवण केलं होतं, चिंचेऐवजी कोकमासारखं काहीतरी आंबट घालून. आईनं विचारून घेतलं, ते काय. मग म्हणाली, आमच्यापेक्षा जरा पातळ आहे. तरी दोनदा घेतलं. रियानं तिच्या शेजारी बसून सुकेळी खाल्ली आणि दातांना चिकटल्याची तक्रार केली नाही.

परत येऊन आता वर्ष होत आलं. पास्कोल अंकलचं मंडळ आता दर आठवड्याला नव्यानं आलेल्या मुलांच्या खोल्यांवर जातं, कुणी आजारी असेल तर डबा नेतं, आणि तो कॅथलिक आहे की नाही हे डबा दिल्यावर विचारतं. अंकल फोनवर सांगत होते, दोन घरं परत आली. तबलेवाला आला नाही.

मेल्विनही परत आलेला नाही. तो त्याच्या सभेत गातो, आई त्याच्या नावानं माळ जपते. पण रोज संध्याकाळी फोन वाजला की आता आईच उचलते, आणि तो माझ्या हातात देत नाही. नाताळात मेल्विन, एलिझा आणि रिया वसईला आले आणि आमच्या घरी राहिले. आई आणि मेल्विन पुन्हा बोलतात.